"पित्त झालंय" म्हणजे नक्की काय झालंय? एका वडापावचा डोंबिवलीपासूनचा प्रवास

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात मोबाईल आणि कानात इअरफोन, असे उभे राहून ऐकत असाल तर आधी पाठीवरची बॅग पुढे घ्या. मागच्याच्या पोटाला लागतेय. आणि आजचा विषय पोटाचाच आहे.

आपल्याकडे एक वाक्य रोज कुठे ना कुठे कानावर पडतं. "मला पित्त झालंय." छातीत जळजळ होतेय? पित्त. डोकं ठणकतंय? पित्त. अंगावर लाल गांधी उठल्या? पित्त. पिवळी, कडू उलटी झाली? तेही पित्तच. तक्रारी चार, शब्द एक. आणि बऱ्याचदा चौघेही मेडिकलवाल्याकडे जाऊन एकच गोळी मागतात.

आता गंमत बघा. या चारांपैकी फक्त एकाच ठिकाणी खरं पित्त असतं, म्हणजे यकृतात तयार होणारा तो हिरवट-पिवळा रस. बाकीच्या तिघांचा पित्ताशी थेट संबंध नाही. आणि याशिवाय एक पाचवी गोष्टही आहे, जिला आपण "पित्तच असेल" म्हणून सोडून देतो आणि जी जिवावर बेतू शकते. तिच्याबद्दल शेवटाकडे बोलू, पण तो भाग सोडू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. वाचून, समजून घेऊन सोप्या भाषेत सांगणं एवढंच माझं काम. औषध डॉक्टरांनाच विचारा.

सकाळी आठ: डोंबिवली पूर्व

पोट समजून घ्यायला एक वडापाव पुरतो, कारण त्यात सगळं आहे. पाव आणि बटाटा म्हणजे स्टार्च, बेसनात प्रथिनं, तळणीचं तेल म्हणजे स्निग्ध पदार्थ, वर मिरची आणि लसूण. शरीराला हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हत्यारांनी फोडावं लागतं.

पचन सुरू होतं ते पहिला घास घ्यायच्या आधीच. स्टेशनबाहेर कढईत वडे पडले, वास आला, की तोंडाला पाणी सुटतं. त्याच वेळी जठरातही रस सुटायला लागतो. मेंदूकडून निरोप गेलेला असतो की गाडी येतेय, तयार राहा. रशियाच्या इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवलं. घंटा आणि कुत्र्याची लाळ ही त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी.

तोंडात लाळ ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आहेत. दिवसभरात साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते. लाळेतलं अमायलेज हे विकर स्टार्च तोडून त्याची साखर करायला लागतं. खोटं वाटत असेल तर नुसता पाव तोंडात एक मिनिट चावत राहा. गोडसर लागेल. पण गाडी पकडायची म्हणून तीन घासांत वडापाव संपवला, तर हे काम अर्धवट राहतं आणि पुढच्या खात्यावर जास्त भार येतो.

मग अन्ननलिका. साधारण २५ सेंटीमीटर लांब. घास इथून नुसता खाली पडत नाही, तर स्नायूंची लाट त्याला ढकलत नेते. त्यामुळे तुम्ही आडवे असलात तरी घास पुढेच जातो. आठ-दहा सेकंदांत तो जठराच्या तोंडाशी येतो. तिथे स्नायूंचं एक गोल कडं आहे. त्याला झडप म्हणू. घास आला की उघडायची, गेला की मिटायची. ही झडप लक्षात ठेवा, आजच्या गोष्टीत तिला मोठं काम आहे.

सव्वानऊ: सीएसएमटी, पण वडा अजून जठरातच

तुम्ही सव्वा तास उभे राहून सीएसएमटीला उतरलात. वडापाव कुठे पोचला? कुठेच नाही. तो अजून जठरात घुसळला जातोय.

जठर म्हणजे एक स्नायूंची पिशवी. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल लिंबाच्या रसापेक्षाही तीव्र असतं. ते बरेचसे जंतू मारतं, आणि पेप्सिन नावाच्या विकराला कामाला लावतं. हे पेप्सिन बेसनातली प्रथिनं तोडायला सुरुवात करतं. मग प्रश्न येतो की जे आम्ल वड्याला सोडत नाही, ते जठराला कसं सोडतं? कारण जठराच्या आत चिकट श्लेष्माचा थर असतो. त्या थरात आम्लाचा जोर मारणारा क्षारही असतो, आणि आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत राहतं.

अन्ननलिकेला मात्र असं चिलखत नाही. म्हणून ती झडप महत्त्वाची. ती सैल पडली किंवा नको तेव्हा उघडली, की जठरातलं आम्ल वर येतं, अन्ननलिकेला लागतं, आणि छातीच्या मधोमध जळतं. हीच ती आपली जळजळ, हीच आंबट ढेकर. म्हणजे जळतं ते आम्ल. पित्त नव्हे.

जठर रिकामं व्हायला साधारण दोन ते चार तास लागतात. जेवण तेलकट असेल तर आणखी वेळ, कारण पुढे तेल पोचलं की आतडं जठराला निरोप धाडतं, "हळू सोड, इथे गर्दी आहे." म्हणून भजी-वडे खाल्ल्यावर पोट जड वाटतं.

दुपार: खरं पित्त इथे भेटतं

जठरातून वडापावाचा पातळ लगदा थोडा थोडा करून लहान आतड्यात उतरतो. लहान आतड्याचा पहिला भाग २५ सेंटीमीटरच्या आसपास आहे, पण सगळा खेळ इथेच आहे. कल्याण जंक्शन आठवा. कसाऱ्याकडची आणि कर्जतकडची लाईन तिथे एकत्र येते आणि पुढे एक होऊन जाते. तसंच इथे यकृताकडून येणारी पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी एकत्र येऊन एकाच तोंडाने आतड्यात उघडतात.

पित्त यकृतात तयार होतं, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. त्यातलं काही यकृताखालच्या छोट्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, घट्ट करून साठवलं जातं. तेलकट जेवण आलं की ही पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. पित्ताचं काम काय? तेलकट कढईवर भांड्यांचा साबण करतो तेच. तेलाचे मोठे थेंब फोडून बारीक थेंब करायचे, म्हणजे स्वादुपिंडातली विकरं त्यांना पचवू शकतात.

आणि एक गोष्ट ऐका. पित्त आम्लधर्मी नसतं, किंचित अल्कधर्मी असतं. म्हणजे ज्या आम्लाला आपण "पित्त" म्हणतो, खरं पित्त त्याच्या बरोबर उलट्या बाजूला उभं आहे.

पुढे लहान आतडं, साधारण सहा मीटर. आतल्या भिंतीवर बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. स्टार्चची झालेली साखर, प्रथिनांचे तुकडे, स्निग्धांश, सगळं इथून शरीरात शिरतं. जुन्या पुस्तकांत आतड्याचा पृष्ठभाग टेनिस कोर्टाएवढा सांगायचे. नव्या मोजणीत तो बराच कमी, साधारण ३० चौरस मीटर निघाला. म्हणजे सव्वातीनशे स्क्वेअर फूट. डोंबिवलीतला एक वन आरके तुमच्या पोटात घडी घालून ठेवलाय. हेही काही कमी नाही.

परतीचा प्रवास: मोठं आतडं

संध्याकाळी तुम्ही परत गर्दीत उभे असता, तेव्हा उरलेलं सामान दीडेक मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात पोचायला लागलेलं असतं. इथलं मुख्य काम पाणी परत घेण्याचं. दिवसभरात पिण्याचं पाणी आणि सगळे पाचक रस मिळून सात ते नऊ लिटर द्रव आतड्यांतून जातो. त्यातला बहुतेक सगळा शरीर परत घेतं. बाहेर जातं ते दीडशे-दोनशे मिलीलिटरच्या आसपास. जुलाब लागले की हा हिशेब बिघडतो आणि माणूस काही तासांत गळून जातो. म्हणून ओआरएस.

इथे आपल्या पट्ट्यातल्या लोकांचा एक खास प्रश्न येतो. सकाळी चहा घेतला, दोन घास खाल्ले, की मोठं आतडं हलायला लागतं. जठर भरलं की पुढची लाईन मोकळी करा, असा तो नैसर्गिक निरोप असतो. पण घड्याळात आपली गाडीची वेळ झालेली असते. लोकलच्या डब्यात शौचालय नसतं, पुढे तासभर सोय नाही. मग आपण तो निरोप दाबतो. रोज दाबतो. दाबलेला मल तिथेच पडून राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, तो कडक होतो, आणि हळूहळू निरोप येणंच मंदावतं. "पोट साफ होत नाही" ही तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते. उपाय साधा, पण करायला अवघड: वीस मिनिटं आधी उठा, आधी काहीतरी गरम प्या, आणि घराबाहेर पडायच्या आधी पोटाला त्याचा वेळ द्या.

हां, आणि पोटात कावळे ओरडतात ना? ते खरोखर ऐकू येतं. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी जठर आणि आतड्यातून एक झाडूची लाट जाते, उरलंसुरलं पुढे लोटते. आतली हवा आणि पाणी ढवळून आवाज होतो. म्हणजे कावळे नाहीत, सफाई कामगार आहेत.

मग बाकीची "पित्तं" कोणती?

आता सुरुवातीच्या चार तक्रारी एकेक करून बघू.

जळजळ झाली, ती आम्लाची, हे कळलं.

पिवळी कडू उलटी: इथे मात्र खरं पित्त असतं. जठर रिकामं झालं तरी उलट्या चालू राहिल्या, की आतड्यातलं पित्त उलटं वर येतं. म्हणजे पित्तामुळे उलटी झाली असं नाही, उलट्या थांबल्या नाहीत म्हणून पित्त दिसलं.

पित्ताचं डोकं: एका बाजूने ठणकतं, उजेड नको वाटतो, मळमळतं, उलटी झाली की जरा बरं वाटतं. हे वर्णन बहुतेक वेळा मायग्रेनचं असतं. मायग्रेनमध्ये जठराचं काम मंदावतं, म्हणून मळमळ. सुरुवात डोक्यात आहे, पोटात नाही. वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेणाऱ्या कित्येकांना खरी गरज मायग्रेनच्या उपचाराची असते.

अंगावर उठणारं पित्त: आजी ज्याला आमसुलाचं पाणी लावायची, ते. त्वचेतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि खाज, सूज, गांधी येतात. याचा पित्ताशयाशी संबंध नाही. पण मला यातली एक गोष्ट फार आवडते. जठरातल्या पेशींना "आम्ल सोडा" असं सांगणाऱ्या निरोप्यांमध्येही एक हिस्टामिनच आहे! त्वचेवर आणि जठरात त्याची कुलपं वेगवेगळी आहेत, किल्ली तीच. जठरातलं कुलूप बंद करणारं औषध शोधण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. फॅमोटिडिन याच घराण्यातलं औषध. तेव्हा जळजळीला आणि गांधींना एकच नाव देणारी आपली भाषा अगदीच वाट चुकलेली नव्हती, असं म्हणायला हरकत नाही.

आयुर्वेदातलं पित्त हा वात-पित्त-कफातला वेगळा, व्यापक विचार आहे. "अम्लपित्त" हा शब्दही तिथलाच. तो वाद आज नको. मुद्दा एवढाच की "पित्त झालं" म्हणताना आपल्याला नेमकं काय होतंय, ते सांगता यायला हवं.

आपल्यालाच का होतं?

साडेनऊला घरी, दहाला जेवण, साडेदहाला आडवे. जठर अजून भरलेलं आणि तुम्ही झोपलेले. उभं असताना आम्लाला खाली ठेवायला गुरुत्वाकर्षणाची मदत असते, आडवं झालं की ती जाते. म्हणून जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा असं सांगतात. कल्याणहून रोज फोर्टला जाणाऱ्याला हे कसं जमायचं? एक जुगाड होऊ शकतो. संध्याकाळी ऑफिसातून निघताना पोळी-भाजीचा डबा खा आणि रात्री घरी हलकं घ्या. डावीकडे कुशीवर झोपणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करणं, यानेही पुष्कळांना फरक पडतो.

तिखटाचं काय? ठाण्यात मामलेदारची मिसळ खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी येतं, ते आम्लामुळे नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणारी संवेदकं चेतवतं, मेंदूला वाटतं भाजलं. हे संवेदक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल विभागून मिळालं. हीच संवेदकं आतड्याच्या दुसऱ्या टोकालाही आहेत, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ज्यांना मुळात आम्लाचा त्रास आहे त्यांना तिखटाने जळजळ वाढू शकते, पण जठरात व्रण पडण्याचं मुख्य कारण तिखट नाही.

मग कारणं कोणती? मुख्य दोन. एक म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. आम्लात कोण जगणार, असंच डॉक्टर मानायचे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू असलेलं पाणी स्वतःच प्यायलं आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. हा जंतू भारतात खूप लोकांच्या पोटात असतो, बहुतेकांना त्रास देत नाही, आणि दिलाच तर ठरावीक दिवसांच्या अँटिबायोटिक उपचाराने जातो.

दुसरं कारण आपल्या बॅगेतच असतं. पेनकिलर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या जठराचा संरक्षक थर सांभाळणारी रसायनंच कमी करतात. उभं राहून कंबर दुखते म्हणून रिकाम्या पोटी रोज गोळी, मग जळजळ होते म्हणून त्यावर दुसरी गोळी. ही साखळी तोडायला हवी.

आणि ती दुसरी गोळी, पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे. चांगली औषधं आहेत. जठरातले आम्लाचे पंप बंद करतात. पण पंप चालू व्हायच्या आधी, म्हणजे जेवणाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असतात. जेवून जळायला लागल्यावर घेतली तर लगेच फारसा उपयोग नाही. आणि डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेऊन अचानक बंद केली, तर काही काळ आम्ल उलट जास्त सुटू शकतं.

आता ती पाचवी गोष्ट

हृदय आणि अन्ननलिका शेजारी-शेजारी आहेत, त्यांच्या वेदनांचे निरोप मेंदूकडे जवळपास त्याच तारांवरून जातात. म्हणून हृदयविकाराचा झटका कित्येकांना "गॅस झालाय", "पित्त वर आलंय" असाच वाटतो. घरातले सोडा देतात, ओवा देतात, पडून राहा म्हणतात. आणि मोलाचा तास निघून जातो.

छातीवर दडपण, कुणी बसल्यासारखं. वेदना हातात, जबड्यात, पाठीत जातेय. दरदरून घाम, धाप, चक्कर. यातलं काही असेल तर पित्त समजू नका. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांमध्ये तर छातीत न दुखता नुसती मळमळ आणि थकवाही असू शकतो. १०८ ला फोन करा, जवळच्या ज्या रुग्णालयात ईसीजी निघतो तिथे जा. लोकलमध्ये असाल तर पुढच्या स्टेशनला उतरा, कुणाला तरी सांगा, स्टेशन मास्तरला गाठा. ईसीजीत काही निघालं नाही तर चांगलंच. लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

आणखी थोड्या खुणा पाठ करून ठेवा. डांबरासारखी काळी शी किंवा रक्ताची उलटी: आत रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर. घास अडकणं, कारण नसताना वजन घटणं: तपासणी हवी. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती उजव्या खांद्याकडे जाणं: पित्ताशयातले खडे असू शकतात. आणि पिवळे डोळे, गडद लघवी: ती कावीळ. मलाचा तपकिरी रंग पित्तातूनच येतो, म्हणून पित्ताची वाट अडली की शी पांढुरकी होते. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ यकृताला गाठते. पाणी उकळून प्या, आणि रस्त्यावरचा बर्फ त्या दिवसांत टाळा.

तर आज घरी गेल्यावर एक काम करा. आई-बाबांपैकी कुणी "पित्त झालंय" म्हणालं, तर लगेच गोळी शोधू नका. आधी विचारा, "कुठे होतंय? जळतंय की दडपतंय? जेवल्यावर की चालल्यावर? घाम आलाय का?" चालताना, जिना चढताना येतं आणि थांबलं की जातं, असं उत्तर आलं तर उद्यावर ढकलू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि थांबूनही जात नसेल, घाम येत असेल, तर सरळ १०८.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी "पित्त" हा शब्द आणखी कशासाठी वापरतात, ते मला नक्की कळवा. आणि हा भाग अशा एका माणसाला पाठवा, ज्याच्या बॅगेत कायम पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असते. भेटू पुढच्या भागात. सावकाश जेवा, सांभाळून चढा-उतरा.